शिकागोजवळ नाही, पिओरियात

पिओरिया, इलिनॉय

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लिंक्डइनवर गावाच्या जागी 'शिकागो परिसर' लिहिलंयस, ते तुझ्या बाबांनी मला दाखवलं. ते हसले, मी नाही हसले. पिओरिया शिकागोपासून गाडीने अडीच-तीन तासांवर आहे गं. तेवढ्या वेळात पिंपरीतून निघालेला माणूस दादरला उतरतो, आणि दादर पिंपरीच्या परिसरात आहे असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

रागावून लिहीत नाहीये. पिंपरीतल्या आमच्या एच.ए. कॉलनीतली, म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या वसाहतीतली, सगळी पोरं बाहेरगावी गेली की 'पुण्याचे' म्हणूनच सांगायची. पिंपरी म्हटलं की समोरचा विचारायचा, "म्हणजे ते कारखान्यांचं?" आणि मग बोलणं तिथेच संपायचं. तेव्हा तुझी अडचण मला कळते. पिओरिया म्हटलं की सिअ‍ॅटलमधल्या लोकांच्या चेहऱ्यावर मक्याचं शेत दिसत असणार.

पण गंमत बघ, या गावाला नावं ठेवण्यात बाहेरचे लोक बरेच मागे आहेत. पहिला नंबर गावकऱ्यांचाच. आम्ही नवीन आलो तेव्हा दुकानात काउंटरवरची बाई मला म्हणाली होती, "भारतातून इथे? मुद्दाम?" अजूनही कुणालाही विचार. इथे करायला काही नाही, घरपट्टी भरमसाट, रस्त्यांत खड्डे, तरणी पोरं टिकत नाहीत. मग थोडं थांबून, "पण मुलं वाढवायला बरं आहे हं." हे वाक्य इथे सगळे एकाच सुरात म्हणतात. आणि हेच लोक, शिकागोच्या कुणी पाहुण्याने जरा नाक मुरडलं की असे उसळतात, की विचारू नकोस. आपल्या घरच्या माणसाला आपण बोलायचं, शेजाऱ्याने नाही.

हा सगळा प्रकार जुना आहे. 'पिओरियात चालेल का?' हा प्रश्न अमेरिकेत वॉडव्हिलच्या, म्हणजे फिरत्या नाटक-तमाशाच्या जमान्यापासून विचारला जातो. खेळ इथे चालला तर कुठेही चालणार, असा हिशेब. पुढे निक्सनचा सल्लागार जॉन एर्लिकमन याने तो राजकारणात रुळवला. मग कंपन्याही आल्या. पॅम्पर्सची पहिली चाचणी 1961 साली इथेच झाली आणि इथल्या आयांनी ती चक्क नापास केली, कारण एका नगाला दहा सेंट पडत होते. कंपनीला किंमत उतरवावी लागली. मला या बायकांचा फार अभिमान वाटतो. पण त्यातून गावावर जो शिक्का बसला, सरासरी गावाचा, ना चांगलं ना वाईट, तो काही पुसला गेला नाही. तो दुसऱ्यांनी मारला आणि इथल्या लोकांनी निमूट लावून घेतला, हे मला पटत नाही.

कारण हे गाव सरासरी कधी नव्हतंच. एकोणिसाव्या शतकात हे व्हिस्कीचं गाव होतं, देशभरच्या दारूभट्ट्यांच्या मक्तेदारीचा कारभार 1887 पासून इथून चालायचा. लिंकनने गुलामगिरीच्या प्रसाराविरुद्ध केलेलं ते तीन तासांचं भाषण, 1854 चं, इथलंच. पण तुला सांगावीशी वाटते ती गोष्ट दुसरीच आहे.

युनिव्हर्सिटी स्ट्रीटवरची ती लांबलचक इमारत आठवते? शेतीखात्याची प्रयोगशाळा. तुम्ही स्कूलबसमधून रोज तिच्यावरून जायचात. 1941 च्या जुलैत ऑक्सफर्डहून फ्लोरी आणि हीटली हे दोन शास्त्रज्ञ तिथे आले. त्यांच्याजवळ पेनिसिलिन देणारी बुरशी होती, पण औषध चिमूटभरच निघायचं, आणि ब्रिटनमध्ये युद्धामुळे मोठा कारखाना उभारणं शक्य नव्हतं. पिओरियातल्या लोकांना आंबवण्याचं काम ठाऊक होतं आणि मका तर दारातच. मक्याचं स्टार्च काढताना जे दाट पाणी उरतं ते अँड्र्यू मॉयर याने बुरशीला खाऊ घातलं, आणि औषधाचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढलं. मग 1943 मध्ये इथल्या बाजारातल्या एका नासक्या खरबुजावर आणखी जोमाची बुरशी सापडली. जगभरच्या कारखान्यांतल्या बहुतेक जाती त्या खरबुजाच्याच वंशातल्या. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तुझ्या आजोबांनी निवृत्तीपर्यंत तिथेच नोकरी केली. पिंपरीतली बुरशीही त्याच कुळातली असावी असं मी आपलं मनाशी धरलंय. आजोबांना पिओरिया कुठे आहे ते शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण तिचं पाणी त्यांच्या घरात आधीच पोचलं होतं म्हण.

आणि हे इथे किती जणांना माहीत आहे? आमच्या गल्लीत विचारलं तर दोघांना. बाकीच्यांना कॅट माहीत, म्हणजे बुलडोझर बनवणारी कॅटरपिलर कंपनी.

कॅटचं काय झालं ते तू शाळेत असताना पाहिलंसच. 2015 मध्ये डाउनटाउनमध्ये नवं मुख्यालय बांधणार म्हणून चित्रं छापून आली, आणि 2017 च्या जानेवारीत कळलं की मुख्यालय शिकागोकडे जाणार. पुढे 2022 मध्ये तेही टेक्सासला हलवायचं ठरलं. ईस्ट पिओरियातले बुलडोझर आजही इथेच बनतात, मॉसव्हिलला संशोधन चालतं, हजारो माणसं कामाला आहेत, तुझे बाबाही त्यांतलेच. तरी त्या बातमीनंतर लोक असे बोलायला लागले जणू गावाला सोडून कुणी गेलंय. पाटी गेली, एवढंच खरं म्हणजे. पण पाटीवरच ज्याची ओळख होती त्या गावाला ते जड गेलं, हे मी समजू शकते.

आता जे आपल्या लोकांत बोललं जात नाही ते. आपण सगळे उत्तरेला, डनलॅपच्या शाळांच्या हद्दीत राहतो. गणपती, पॉटलक, मुलांचे क्लास, आपलं पिओरिया तेवढंच. दक्षिण भागात काळ्या लोकांच्या वस्त्या आहेत, तिथली गरिबी राज्यातल्या सर्वांत वाईट गरिबींपैकी, आणि काळ्या रहिवाशांसाठी वाईट शहरांच्या याद्यांमध्ये पिओरियाचं नाव वर येत राहिलं आहे. अशी यादी आली की उत्तरेकडचे म्हणतात, गावाची बदनामी करतात. दक्षिणेकडचे म्हणतात, यादी कशाला हवी, आम्ही राहतोच की इथे. 'मुलं वाढवायला बरं' हे कुणाच्या मुलांबद्दल म्हणायचं, हा प्रश्न आहेच.

रिचर्ड प्रायर याच गावातला, जन्म 1940 चा. आजीच्या कुंटणखान्यात वाढला आणि तेच सगळं रंगमंचावर शिव्यांसकट सांगून अमेरिकेतला सर्वांत मोठा विनोदवीर झाला. त्याचा पुतळा उभा राहायला 2015 उजाडलं. पैसे जमता जमेनात. कोण म्हणायचं तोंडाने फार घाण, कोण म्हणायचं गावाची लक्तरं वेशीवर टांगली. बेटी फ्रीडन, स्त्रीमुक्तीच्या चळवळीतली मोठी बाई, तीही 1921 मध्ये इथेच जन्मली. दोघेही गाव सोडून गेले, आणि आता दोघांचीही नावं गाव मोठ्या तोंडाने घेतं. तेव्हा तू गेलीस याचं मला काही वाटत नाही. जाणाऱ्यांची इथे परंपराच आहे.

हल्ली उलटंही चाललंय. टिकटॉकवर कुणी इथली स्वस्त जुनी घरं दाखवली आणि मोठ्या शहरांतून लोक खरंच राहायला आले. वेस्ट ब्लफकडे नवीन चेहरे दिसतात. ते गावाचं इतकं कौतुक करतात की जुन्या लोकांना संशयच येतो, यांचं काहीतरी बिनसलंय म्हणून.

थँक्सगिव्हिंगला रूममेटला घेऊन येणार म्हणालीस, तर मॉलमध्ये नेऊ नकोस. ग्रँडव्ह्यू ड्राइव्हवरून वर जा, नदी खाली दिसते. थिओडोर रूझवेल्ट या रस्त्याला जगातला सर्वांत सुंदर रस्ता म्हणाला होता असं इथे सांगतात, आणि इथल्या रेडिओ स्टेशनची आद्याक्षरंही त्यावरूनच आहेत. मग वेअरहाउस भागात प्रायरचा पुतळा, आणि तिथून पुढे दक्षिणेलाही एक चक्कर. बाबा कॅटच्या म्युझियमचा हट्ट धरणारच, त्या अजस्र ट्रकच्या हौद्यात बसून सिनेमा बघायचा असतो ना. त्याला नाही म्हणू नका.

तिला तिखट कितपत चालतं ते कळव. मसाला शिकागोहून आणावा लागतो, आणि ते खरंच लांब आहे.

तुझी
आई