८५ची घाई नको

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसू आलं. कॅमेरा घेऊन महिना झाला नाही आणि सोबत आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स तुला नकोशीही झाली, आता ८५ मिमीची घ्यायची म्हणतोस! (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं समोरचं जवळ दिसतं आणि चौकटीत कमी मावतं.) पण आईचे आणि छोटीचे फोटो काढायचेत, मागचा पसारा दिसायला नको, हे वाचलं आणि तुझं दुखणं कळलं. ती लेन्स ५५ मिमीवर एफ ५.६ पेक्षा जास्त उघडतच नाही; एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. एफ १.८ची लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. खिडकीशेजारी, फ्लॅशशिवाय, जिथे तुझं शटर १/२० सेकंदावर अडकतं तिथे तोच फोटो १/२०० सेकंदात निघेल. आणि छोटी काही तुझ्यासाठी पुतळ्यासारखी बसणार नाही.

आता तुझ्या ८५ बद्दल. पोर्ट्रेट म्हटलं की ८५, हे तू जिथे तिथे वाचलंस. ते खोटं नाही, पण ते ३५ मिमी फिल्मच्या आकाराच्या सेन्सरचं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीचं, गणित आहे. तुझा सेन्सर त्याहून लहान. अशा वेळी लेन्सचा आकडा निकॉन, सोनीत १.५ने गुणायचा, कॅननमध्ये १.६ने. म्हणजे तुझ्या कॅमेऱ्यावर साधी ५०च ७५-८०चं काम करते आणि ८५ जाते १३०च्या आसपास.

हे मी हौसेने शिकलेलो नाही. मीही आधी ८५च घेतली होती. आईला खुर्चीत बसवलं, डोकं आणि खांदे चौकटीत घ्यायला सव्वादोन मीटर मागे गेलो, तिथवर ठीक. फोटो बघून ती खूश झाली आणि म्हणाली, आता उभी राहते, पूर्ण काढ. मागे सरकत सरकत माझी पाठ कपाटाला टेकली, तरी कमरेखालचं काही येईना. पूर्ण माणूस घ्यायला त्या लेन्सला सातेक मीटर लागतात! ५०ला साडेचार पुरतात, आणि डोकं-खांदे सव्वा मीटरवरून येतात. तेवढ्या अंतरावरून माणसाशी हळू आवाजात बोलता येतं. मोठ्याने सूचना द्यायला लागलं की आई लगेच फोटोचा चेहरा करते, तुझीही करत असेल.

म्हणून माझं म्हणणं, ५० मिमी एफ १.८ घे. ८५ वाईट नाही, मोकळ्या मैदानात ती सुरेखच. पण तुझे फोटो घरात निघणार आहेत.

मग ३५ मिमीची का नको, असं तू विचारशीलच. घरात वावरायला ती सोपी, पण चेहरा भरून हवा म्हणून तू जवळ जाशील आणि तिथे नाक मोठं होईल. त्यात लेन्सचा दोष नाही, अंतराचा आहे. अर्ध्या मीटरवरून बघ. नाक ५० सेंटीमीटरवर, तर कान साधारण ६२वर, म्हणजे नाक कानाच्या मानाने जवळपास पाव पट मोठं दिसतं. दोन मीटरवरून हाच फरक सहा टक्के उरतो. मोबाइलच्या सेल्फीत आपण सगळे नाकाळू का दिसतो, ते हेच.

पत्रात कॅमेऱ्याचं नाव लिहायला मात्र विसरलास, नेहमीसारखा. ते महत्त्वाचं आहे. निकॉनच्या डी ३५००, डी ५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, ती लेन्समध्येच असावी लागते. त्यामुळे ‘एएफ-एस’ लिहिलेली ५० घे. जुनी, मोटर नसलेली ‘डी’ खुणेची वापरलेली लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून उचललीस तर फोकस हाताने फिरवत बसावं लागेल, तेही पळत्या पोरीवर. कॅनन असेल तर २०१५ सालची ‘एसटीएम’ लिहिलेली ५० बघ. तिच्या आधीची १९९०ची, भोक लहानमोठं करणाऱ्या पाचच पात्यांची आणि प्लास्टिक माउंटची, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायची कडी प्लास्टिकची. एसटीएमला सात पाती आहेत, त्यामुळे अॅपर्चर, म्हणजे ते भोक, थोडं बंद केलं तरी मागचे दिवे गोलसर राहतात, आणि ती ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस करते.

लेन्स हातात आली की लगेच एफ १.८वरच सगळं काढू नकोस. दीड मीटरवर तेव्हा जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीच स्पष्ट येते. डोळ्यावर फोकस केला, आई जरा पुढे झुकली की तो गेलाच. माझे सुरुवातीचे कितीतरी फोटो असे आहेत, की कानातलं लखलखीत आणि डोळे धुक्यात. एकच फोकस पॉइंट निवड, तो जवळच्या डोळ्यावर ठेव आणि एफ २.५-२.८ला काढ. माणसाला भिंतीपासून चार पावलं पुढे आण, मागचं आपोआप विरतं. हे तुझ्या आताच्या लेन्सनेही होतं, पण तिच्याबद्दल तू ऐकून घेणार नाहीस.

तरी विकत घेण्याआधी एक कर. आताच्या लेन्सची झूमची रिंग ५०वर आण, कागदी चिकटपट्टीने बांधून टाक आणि एक पूर्ण दिवस घरात तशीच वापर. दुसऱ्या दिवशी ३५वर. कुठे अडखळलास, कुठे पाठ भिंतीला लागली, ते मला लिही. आणि कॅमेऱ्याचं नावही!

आईंना नमस्कार, छोटीला पापा.

तुझाच,
कपाटाला टेकलेला मित्र