कीबोर्डला हात न लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताईंस,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यातल्या आमच्या दूध सोसायटीचा प्रोग्राम आज बरोबर उत्तर देऊ लागला, म्हणून रात्रीच लिहायला बसलो आहे. प्रत्येक सभासदाची एक रांग आणि रांगेत रोजचे लिटर, असा तो द्विमितीय ॲरे, म्हणजे रांगा-रकान्यांचा तक्ता. ज्या नोंदीत पहिले शून्य आढळेल ती दाखवून थांबायचे, एवढेच त्याचे काम होते. तरीही तो भलत्याच सभासदाकडे बोट दाखवी.

बेळगावात ज्या क्लासला मी वर्षाची फी भरली, तिथे शंका विचारली की सर माझ्या हातातला माऊस घेत, दोन ओळी बदलत आणि "चाललं बघ" म्हणून पुढच्या टेबलाकडे जात. चालत असे खरे. मला मात्र चालवता येत नसे. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला तर्क झेपत नाही, असेही एकदा ऐकवून झाले होते.

तुम्ही कीबोर्डला हातही लावला नाहीत. पाठकोऱ्या कागदावर तीन रांगा आणि चार रकाने आखलेत, बाजूला आय (रांगेचा क्रमांक) आणि जे (रकान्याचा क्रमांक) यांच्या दोन चौकटी काढल्यात आणि पेन्सिल माझ्या हाती देऊन म्हणालात, "आता मशीन तूच. हातानं चालवून बघ की." आय एक पाऊल पुढे गेला की जे पुन्हा शून्यावरून निघतो, हे मला पाठ होते, पण दर वेळी जेची चौकट खोडून तिथे स्वतः शून्य लिहावे लागले, तेव्हा ते कळले. आय १, जे २ वर शून्य सापडले, ब्रेक, म्हणजे लूप (त्याच ओळींचे पुन्हा पुन्हा होणारे आवर्तन) मध्येच सोडायची आज्ञा, आला आणि सुटलो म्हणून मी पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही चूक असे म्हणाला नाहीत. आयच्या चौकटीवर नुसते बोट ठेवलेत आणि थांबलात. किती वेळ, कोण जाणे. ब्रेकने आतला, जेचाच लूप सुटला होता, बाहेरचा, आयचा चालूच होता! आय २, जे ० वर दुसरे शून्य भेटले आणि आधी सापडलेली नोंद मी माझ्याच हाताने खोडली.

पुढचे सोपे होते. जावा या प्रोग्रामिंग भाषेत बाहेरच्या लूपला लेबल, म्हणजे नाव, देऊन त्या नावाने ब्रेक करता येतो. पण शोधाचे वेगळे फंक्शन (प्रोग्रामचा स्वतंत्र तुकडा) करून सापडताच रिटर्न करणे, म्हणजे उत्तर घेऊन तिथूनच परतणे, तुम्हाला अधिक आवडते, आणि आता मलाही. (त्याच जावात गोटू (goto), म्हणजे थेट दुसऱ्या ओळीवर उडी, हा शब्द राखीव आहे, पण वापरता येत नाही, ज्यावर कुणीच बसायचे नाही असे राखीव आसन!) महिन्याच्या मध्यात आलेल्या सभासदांच्या रांगा आखूड असतात, म्हणून आतल्या लूपची मर्यादा त्या त्या रांगेच्या लांबीवरून घ्यायची, हे तर मी न विचारता दुरुस्त केले.

स्वतःला येते अशी माणसे पुष्कळ असतात. समोरच्याला येईपर्यंत हात आवरून बसणारी थोडी. तुमची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. शनिवारी बेळगावला येईन, तेव्हा परत करीन.

आपला नम्र,
सोसायटीच्या वह्या लिहिणारा