एकटी जाऊ नकोस, हे पुन्हा लिहिणार नव्हतो

चि. ताईस,
सप्रेम जयभीम.

रविवारी तू अर्ध्या ताटावरून उठलीस आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने महाडला निघून गेलीस, तेव्हापासून आक्का आणि मी घरात कामापुरतेच बोलतो आहोत. तुझ्या माघारी तुझ्या वरिष्ठांना फोन करून ‘तिला रात्री एकटीला गावात पाठवू नका’ असे सांगणे ही माझी चूक होती. वकिलीची सनद मिळवलेल्या, बत्तीस वर्षांच्या मुलीच्या कामात बापाने असा हात घालायचा नसतो. मला माफ कर. एवढेच लिहायला बसलो आहे आणि तुझ्या रात्रीच्या फिरण्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असे ठरवले आहे.

त्या वाळीत टाकलेल्या घराची हकिगत तू सांगितलीस, ती मनातून जात नाही. गावातला दुकानदार त्यांना मीठसुद्धा देत नाही, म्हातारा वारला तेव्हा खांदा द्यायला चार माणसे आली नाहीत, आणि त्यांच्याशी बोलेल त्याला गावकीचा दंड. सख्खी बहीण भावाला भेटते ती मागच्या पडवीत, दिवे मालवल्यावर. ‘दिवसा माझ्याशी बोलताना कोणी पाहिले तर दंड त्यांना होतो, म्हणून मला रात्रीच जावे लागते, बाबा,’ असे तू म्हणालीस. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि उत्तर नसले की माझा आवाज चढतो, हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तू गेल्यावर मी सामाजिक बहिष्काराचा कायदा पुन्हा वाचून काढला. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्दबातल ठरवला आणि त्यानंतर थेट २०१६ साली आपल्या विधिमंडळाने नवा कायदा मंजूर केला, जो जुलै २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण कागदावरचे कलम साक्षीदाराच्या घरी मुक्कामाला जात नाही, त्याला त्याच गावात राहायचे असते. म्हणून तक्रार नेहमी लेखी दे, पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नकोस, जबाब लवकर नोंदवून घे, आणि गावात शिरण्यापूर्वी कुठे चालली आहेस ते दोघांना तरी सांगून ठेव. पाहा, मी वकिलाला वकिली शिकवू लागलो. चौतीस वर्षे फळ्यासमोर उभे राहिल्याने ही खोड लागली आहे. रागावू नकोस.

तू ज्या गावात खोली घेतली आहेस, त्या गावाचे नाव मी वर्गात दरवर्षी वीस मार्चला घेत आलो. १९२७ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली, एवढे मुलांना पाठ असते. त्यानंतर काय झाले ते मी मुद्दाम सांगत असे. ही माणसे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि मंडपात जेवणाऱ्यांवर, गावात पांगलेल्यांवर काठ्या घेऊन लोक धावून गेले. सगळे मिळून तळ्यावर गेले तेव्हा त्यांच्यावर कोणी हात उचलला नव्हता. मार बसला तो पांगलेल्यांना, एकट्यादुकट्याला गाठून. हे मी तुला का लिहितो आहे, ते तू ओळखलेच असशील.

डॉक्टर नरेंद्र दाभोलकरांचेही मनात येते. २०१३ साली नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच जीव घेतला आणि त्यातून त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतीला मूठमाती देण्याची मोहीम सुरू केली. त्याच वर्षी २० ऑगस्टला सकाळी पुण्याच्या पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. पोलीस संरक्षण त्यांनी नाकारले होते. दोघांना जन्मठेप झाली ती मे २०२४ मध्ये. ती बातमी वाचताना तू टाळी वाजवली नाहीस, फक्त ‘अकरा वर्षे’ म्हणालीस आणि चष्मा पुसत बसलीस. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला आणि त्याच दिवसापासून झोप नीट लागत नाही.

आता जे तुला कधी सांगितले नाही, ते सांगतो. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, नामांतराचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, तेव्हा मी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात होतो. ठरावाची बातमी आली आणि पाठोपाठ नांदेड, परभणीकडे दलित वस्त्या पेटल्याची बातमी आली. टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांचा खून झाला. गाड्या बंद होत्या आणि मला अकरा दिवस घरी निरोप देता आला नाही. तुझी आजी रोज दिवस मावळताना दीड कोस चालत फाट्यावर जाऊन बसे. मी पोहोचलो तेव्हा ती काही बोलली नाही. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत चाचपून पाहिले आणि चुलीपाशी गेली.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये नामांतरासाठी जोगेंद्र कवाडे यांचा लाँग मार्च नागपूरहून निघाला. खोलीतले तिघे गेले. खडकपूर्णेच्या पुलावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात एकाचे मनगट मोडले, ते अजून वाकडे आहे आणि आमच्याकडे आला की तो चहाचा कप डाव्या हाताने धरतो. मी गेलो नाही. आजीने मला शपथ घातली होती. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, तू एक वर्षाची होतीस, तुला खांद्यावर घेऊन मी विद्यापीठाच्या कमानीपाशी गेलो. सगळे नाचत होते. मी त्या गर्दीत मागे उभा राहिलो, पुढे जायला पाय उचलेनात.

तिची शपथ मी तुला घालणार नाही. तू जा, त्या पडवीत बसून त्या बहिणीचे ऐकून घे. फक्त स्कूटीवर मागे कोणाला तरी बसव. गावातली नसली तरी चालेल, समितीतली कोणी असू दे, भाड्याची रिक्षा केलीस तर पैसे मी देईन. पुन्हा तेच लिहिले. खोडणार होतो, पण खोडत नाही.

आक्काने शेंगदाण्याची चटणी दिली आहे, सोबत मोठी बॅटरी आणि नवा रेनकोट आहे. पार्सल एस. टी.ने परवा पोहोचेल. ते मिळाल्याचा फोन कर, आणि उजेड असतानाच कर.

तुझा,
बाबा