काका, तुम्ही माझी मूठ धरलीत म्हणून

काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, आधी पाणी पाजलंस का ते सांग" म्हणून विषय मोडता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आता मोडून दाखवा.

हडकुळी जनावरं स्वस्तात घ्यायची, दोन-तीन महिने खाऊ घालायची, अंग भरलं की विकायची. ऐकायला किती सोपं! मीही ऐकूनच सहा घेतली. बरगड्या लांबूनच मोजता याव्यात अशी. विकणारा म्हणाला, "नुसती उपाशी आहेत, बाकी ठणठणीत." ज्या दिवशी आणली त्याच दिवशी मी भरड्याच्या, म्हणजे जाड दळलेल्या धान्याच्या, पाट्या ओतल्या, लवकर भरावीत म्हणून. तिसऱ्या दिवशी तांबडी कालवड गेली. दात खात पडून होती, शेण पातळ आणि आंबूस वासाचं. डॉक्टर आले, पण गाडी चालूच ठेवली. इंजेक्शन टोचलं, पैसे घेतले, "बघा, फरक पडेल" म्हणून गेले. ज्यानं हा धंदा डोक्यात भरवला होता त्यानं फोन उचलणं सोडलं. आणि विकणारा? "तुमच्या दावणीला गेलं की तुमचं."

मग तुम्ही आलात. बोलावलं नव्हतंच, मेलेल्या जनावराची बातमी ऐकून आलात. जो येई तो आधी "कितीला घेतलीस?" विचारी आणि मग हसू दाबी. तुम्ही किंमत विचारली नाहीत. उरलेल्या पाच जणींसमोर उकिडवे बसलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मला तर वाटलं, म्हाताऱ्याला डुलकी लागली.

मग उठलात, माझं मनगट धरलंत, मूठ वळायला लावलीत आणि पांढरीच्या डाव्या भकाळीत, बरगड्यांमागच्या खळग्यात, दाबून धरलीत. "थांब," म्हणालात. मी थांबलो. काहीच होईना. "थांब रे." तुमचा हात माझ्या हातावर तसाच. खरखरीत, गरम. आणि मग आतून काहीतरी हळूच उचललं गेलं, माझी मूठ वर ढकलून परत खाली बसलं. तुम्ही म्हणालात, "चालू आहे पोट. दोन मिनिटांत तीनदा तरी उचलायला पाहिजे, ही एकदाच उचलतेय. पण चालू आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्ही पाहिलंत की नाही, ठाऊक नाही. चार दिवसांत त्या जनावरांना हात लावायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे लांबूनच बोलत होते.

तांबडी का गेली तेही तुम्ही न ओरडता सांगितलंत. उपाशी जनावराच्या पोटातले जंतू वैरणीला सरावलेले असतात. एकदम धान्य पडलं की आत आम्ल होतं आणि पोट बसतं. आधी सुकी वैरण, पाणी, मीठ. भरडा मूठ-मूठ वाढवत दोन-तीन आठवड्यांनी. बाकीचं काय काय केलं ते इथे लिहीत नाही, पत्र लांबेल. पण एक गोष्ट लिहितोच. जबड्याखाली मऊ सूज असलेली ती काळी तुम्ही बाजूला काढलीत आणि म्हणालात, "ही भुकेनं रोडावलेली नाही, हिला आतून कुणीतरी खातंय." शेण तपासलं, यकृतातले चपटे कृमी निघाले. वैरण चारून ती कधीच भरली नसती. इतके दिवस मी सगळ्यांना एकच रोग समजत होतो: भूक.

आणि त्या पाचांतल्या म्हातारीचं तोंड उघडून दाखवलंत. खालचे पुढचे आठही दात झिजून खुंट झालेले. "ही पैसे देणार नाही. पुढच्या वेळी आधी तोंड बघ, मग बरगड्या." त्यात टोमणा नव्हता. दुसऱ्या कुणी तेच वाक्य म्हटलं असतं, तर मी दावी सोडून धंदाच बंद केला असता.

चौघी विकल्या. फायदा झाला, पण तांबडीचा खड्डा भरून फार उरला नाही. विकताना तुम्ही शेजारी उभे होतात. पोट फुगलेलं दिसावं म्हणून मीठ चारून पाणी पाजायचं मला एकानं शिकवलं होतं. तुम्ही फक्त माझ्याकडे पाहिलंत. मी बादली ठेवून दिली. काळीला कृमी झाले होते आणि औषध दिलंय, हेही गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायला लावलंत. त्यानं भाव पाडला आणि तरी घेतली. पंधरा दिवसांनी तोच माणूस आणखी काही आहेत का विचारत आला! हा धंदा लबाडांचाच, असं म्हणणाऱ्यांना मी तुमच्याकडे पाठवत असतो. लबाडी करायला सगळ्यांत सोपी जागा होती ती, आणि तुम्ही तिथे चाळीस वर्षं उभे आहात.

म्हातारी अजून माझ्याकडेच आहे. दात नाहीत, म्हणून वैरण बारीक कापून भिजवून घालतो. काल संध्याकाळी तुमच्यासारखा उकिडवा बसून मोजलं: एका घासाला ५२ वेळा रवंथ. मग भकाळीत मूठ ठेवून थांबलो. दोन मिनिटांत तीनदा उचललं, काका.