ठेव मोडू नका: माझ्या जुन्या गाडीविषयी आई-बाबांना पत्र

नागपूर,
रविवार, 18 जानेवारी 2026

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी रात्री फोनवर बाबा म्हणाले की, पोस्टातली मुदत ठेव मोडू आणि तुला नवी गाडी घेऊन देऊ. मागून आईचा आवाज आला, “मोडीत काढायची गाडी पोरीनं काहून घेतली, ते तर इचारा.” मला हसू आले आणि नीट उत्तर देता आले नाही. तुमची काळजी खरी आहे, ती फोनवरच्या चार वाक्यांत उडवून लावणे बरे नव्हे, म्हणून आज सवडीने लिहीत आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगते: ठेव मोडू नका.

गाडी 2002 सालची होंडा सिटी आहे, दीड लिटरची, व्हीटेक इंजिनाची. कॉलेजात असल्यापासून मला जपानी कूपे गाड्यांचे वेड होते, म्हणजे दोन दारांच्या, बुटक्या, मागे उतरत्या छपराच्या गाड्यांचे. टोयोटाची सेलिका 1970 पासून 2006 पर्यंत निघत होती. होंडाची इंटेग्रा आणि निसानची सिल्व्हिया याही त्याच पंगतीतल्या. माझी एक वर्गमैत्रीण ऑकलंडला वीस वर्षांहून जुनी सेलिका रोज कामावर नेते, कारण तिथे जपानमध्ये वापरलेल्या गाड्या जहाजाने येतात आणि साध्या पगारात परवडतात. आपल्या देशात तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणू देत नाहीत, आणि त्याहून नवी आणायची तर तिच्यावरचा कर ऐकून आई देवघरात जाऊन बसेल. त्यामुळे माझ्या ऐपतीत आणि आपल्या रस्त्यांवर त्या गाड्यांच्या सर्वांत जवळ जाणारी जी मिळाली, ती ही सिटी. तिला चार दारे आहेत, डिकी मोठी आहे, आणि सोसायटीतल्या लोकांना ती कोणा निवृत्त बँक अधिकाऱ्याची गाडी वाटते. कूपे ती नव्हेच, पण इंजिन त्याच घराण्यातले आहे.

बाबा, तुम्ही तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले, म्हणून हे व्हीटेक म्हणजे काय, ते थोडे सविस्तर लिहिते. इंजिनात हवा आणि पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह कॅमशाफ्ट नावाच्या फिरत्या दांड्यावरच्या उंचवट्यांनी उघडतात. उंचवटा लहान असेल तर गाडी गर्दीत मऊ चालते आणि पेट्रोल कमी पिते, पण वेगात तिचा दम पुरत नाही. मोठा असेल तर वेगात जोर मिळतो, पण सिग्नलवर उभी असताना ती थरथरत राहते. साध्या इंजिनाला या दोहोंमधला एक आकार पत्करावा लागतो. होंडाने 1989 मध्ये इंटेग्रा गाडीत दोन्ही आकार एकाच दांड्यावर बसवले आणि इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की इंजिन ऑइलच्या दाबाने पिन सरकून मोठा उंचवटा कामाला लागेल अशी योजना केली. त्या 1.6 लिटरच्या इंजिनातून 160 अश्वशक्ती निघत असे. माझ्या गाडीत तेच तत्त्व साध्या रूपात आहे आणि ती 106 अश्वशक्ती देते. 2003 मध्ये याच नावाची पुढची गाडी आली, तिचे इंजिन 77 अश्वशक्तीचे होते; जुनीला अजून गिऱ्हाईक का आहे, हे यावरून तुमच्या लक्षात येईल. सारी करामत ऑइलच्या दाबावर असल्यामुळे ऑइल कमी पडू देऊन किंवा जुने होऊ देऊन भागत नाही. दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना मी डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहते. हे मी तुमच्या स्कूटरपाशी उभी राहून शिकले आहे, हे तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही.

पंधरा वर्षांनंतर गाडी भंगारात काढावी लागते, असे बाबांनी वर्तमानपत्रात वाचले. ती पेट्रोल गाड्यांविषयीची बातमी दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या राजधानी क्षेत्राची आहे. महाराष्ट्रात पंधरा वर्षे झाली की गाडीचे पासिंग करून, पर्यावरण कर भरून नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. आधीच्या मालकाने 2017 आणि 2022 मध्ये तसे केले आहे, आता 2027 मध्ये माझी पाळी आहे. वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क गेल्या ऑगस्टपासून 10,000 रुपये झाले आहे, तेवढे मी बाजूला काढून ठेवले आहेत. नव्या नंबरप्लेटही बसवून झाल्या.

आता हिशेब. गाडी 1,10,000 रुपयांना घेतली आणि पहिल्या तीन महिन्यांत तिच्यावर 62,000 रुपये घातले. त्यात टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप हा सर्वांत आवश्यक खर्च होता, कारण कॅमशाफ्ट फिरवणारा हा रबरी पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि मग इंजिनच उघडावे लागते. आधीच्या मालकाला तो कधी बदलला ते सांगता आले नाही, म्हणून मी तो बदलला नसल्याचे धरून चालले. चारही टायर बदलले. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे, आणि त्यावरून दिसायला धडधाकट असलेले ते टायर नऊ वर्षांचे निघाले. उलट बाजूने पाहा: नव्या गाडीसाठी आठ लाखांचे कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षे घेतले असते, तर महिन्याला सुमारे 16,600 रुपयांचा हप्ता पडला असता. तो हप्ता वाचतो, त्यातले पाच हजार मी दरमहा गाडीच्या नावाने वेगळे ठेवते. रोज कामाला मनीष नगर ते बुटीबोरी येऊन-जाऊन पंचेचाळीस किलोमीटर होतात, गाडी लिटरला बारा देते, आणि महिन्याला पेट्रोलचे नऊ-साडेनऊ हजार लागतात. हा आकडा बाबांना खटकेल. मलाही खटकतो.

पेट्रोलमधील 20 टक्के इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. आपल्या शहराचे खासदार गडकरी साहेब इथेनॉलचे पुरस्कर्ते आहेत, आणि ऊस-मक्याच्या शेतकऱ्यांच्या दृष्टीने मला ते धोरण समजते. पण इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी उष्मांक असल्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते, आणि 2002 सालच्या गाडीतले रबर त्यासाठी बनलेले नव्हते. म्हणून मी इंधनाच्या साऱ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. काम दोन हजारांत झाले. गाडी आठवडाभर उभी ठेवायची वेळ आली तर टाकी भरून ठेवते, म्हणजे आत ओल धरायला जागा राहत नाही.

एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगते. मागच्या मे महिन्यात दुपारी खापरीच्या अलीकडे गर्दीत उभी असताना तापमानाचा काटा वर चढू लागला. रेडिएटरचा पंखा बंद पडला होता. मी एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण जोरात लावला, कारण हीटर इंजिनातलीच उष्णता ओढून आत सोडतो. बाहेर 45 अंश, आत भट्टी, आणि बाजूच्या ऑटोवाल्याला वाटले असेल की बाईला ऊन लागले. काटा खाली आला, मी गाडी कडेला घेतली. पुढे कळले की, पूर्वी कोणा गॅरेजवाल्याने पंख्याची वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. मिस्त्रीने नवा कनेक्टर लावून दिला, 350 रुपये घेतले. तेव्हापासून एप्रिल लागण्याआधी रेडिएटर, कूलंट आणि पंखा तपासून घ्यायचा, असा नेमच केला आहे. गाडी गॅरेजात असेल त्या दिवशी मी मेट्रोने खापरीपर्यंत जाते आणि तिथून सहकाऱ्यांबरोबर पुढे.

अपघात झाला तर गाडी किती सुरक्षित, या आईच्या प्रश्नाला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. गाडीत एअरबॅग नाहीत. आजच्या नव्या गाडीत त्या असतात, आणि अपघातात तो फरक लहान नसतो. म्हणून मी ब्रेकचे पॅड, डिस्क आणि नळ्या आधी नव्या घातल्या आणि मगच म्युझिक सिस्टिमचा विचार केला. वर्धा रोडवर रात्रपाळीनंतर 70 च्या पुढे जात नाही. आणि समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा असली तरी तिथे ही गाडी नेत नाही. तरीही हे उत्तर अपुरे आहे, हे मला कळते. दोन-तीन वर्षांनी माझ्या स्वतःच्या पैशांतून एक सुरक्षित गाडी घेईन, असे ठरवले आहे. तुमची ठेव तुमच्या औषधपाण्यासाठी आहे आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आहे, ज्याची तारीख तुम्ही दोघेही दर वेळी पुढे ढकलता.

गुडघ्यावरून आठवले. आई, सीट खाली आहे आणि दिवाळीत तुला उतरताना त्रास झाला, ते मी पाहिले होते. मी सीटवर घालायला तीन इंचांची घट्ट गादी शिवून घेतली आहे. बसताना आधी टेकायचे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, म्हणजे गुडघा वळत नाही.

24 तारखेच्या शनिवारी निघून दुपारी चारपर्यंत यवतमाळला पोचेन, सोमवारची सुट्टी धरून दोन रात्री राहीन. फाटकापुढच्या नालीवर बसवलेली फरशी उंच असल्यामुळे गाडीचे पोट तिथे घासते, म्हणून गाडी बाहेर कडुलिंबाखालीच लावीन. त्या जागेवरच्या विटा तेवढ्या बाजूला करून ठेवाव्यात. पण बाबांनी स्वतः उचलू नयेत, दूधवाल्या पोराला सांगावे.

तुमची,
धाकटी