रात्रीच्या शालेय फुटबॉलचे फोटो काळे का येतात?

महोदय,

मराठवाड्याच्या उन्हात मुलांना पळवण्यापेक्षा फुटबॉलचे शालेय सामने रात्री दिवे लावून खेळवणे केव्हाही चांगले. पण त्या सामन्यांचे फोटो बघवत नाहीत. चेहरे काळे, चेंडूची नुसती पांढरी रेघ, आणि सलग दोन फोटोंत एकाच जर्सीचे दोन रंग. बोट कॅमेऱ्याच्या किमतीकडे दाखवले जाते. खरे दुखणे बहुतेक वेळा मैदानावरच्या वायरिंगमध्ये असते.

आपली वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे मेटल हॅलाइडचे आणि स्वस्त एलईडीचे दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण फक्त १/५०० सेकंद उघडणाऱ्या कॅमेऱ्याच्या शटरला कळते. एक फोटो उजळ येतो, पुढचा पिवळट आणि अंधारा. खांबावरचे सगळे दिवे एकाच फेजवर (वीजपुरवठ्याच्या तीन तारांपैकी एकीवर) असले की हे हमखास होते. आयोजकांनी परवानाधारक वायरमनकडून शेजारशेजारचे दिवे तीन वेगवेगळ्या फेजवर विभागून घ्यावेत. एक मंद होतो तेव्हा दुसरा प्रखर असतो आणि उजेड बराच सारखा पडतो. लोडही विभागला जातो. छायाचित्रकारांनी कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर (दिवा प्रखर असतानाच फोटो टिपणारी सोय) असेल तर ते चालू करावे आणि इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता सेन्सरच फोटो टिपतो तो प्रकार) टाळावे. त्या शटरने फोटोवर आडवे पट्टे उमटतात.

एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) मॅन्युअलच, म्हणजे स्वतः ठरवून, ठेवावे. मागचे काळे आकाश बघून ऑटो मोड फसतो, फोटो जास्त उजळवतो आणि पांढऱ्या जर्सीचा नुसता डाग होतो. सुरुवात शटर १/५००, अ‍ॅपर्चर एफ/२.८ (लेन्सचे तोंड; आकडा लहान तेवढा उजेड जास्त), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता) ३२०० ते ६४०० पासून करावी. गोलसमोर आणि कॉर्नरला उजेडात दुपटीचा फरक असू शकतो, म्हणून दोन्हीकडे आधी चाचणी घ्यावी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी झूम लेन्स ताणली की एफ/५.६ वर जाते, म्हणजे एफ/२.८ च्या चौथाई उजेड. अशा वेळी ८५ मिमी एफ/१.८ ही तुलनेने स्वस्त लेन्स घेऊन गोलजवळ बसणे परवडते. आयएसओ वाढवल्याने फोटोत येणारे दाणे वर्तमानपत्राच्या कागदावर फारसे दिसत नाहीत, हललेला फोटो मात्र दुरुस्त होत नाही.

बसण्याची जागा गोललाइनच्या मागे, गोलपोस्ट आणि कॉर्नरच्या मधोमध. उभे नाही, बसूनच. दिवे उंचावर असल्याने खाली बघून धावणाऱ्या मुलाच्या डोळ्यांत सावलीच साचते. हेडरसाठी तो वर बघतो त्या क्षणी सगळा चेहरा उजळतो. उडीच्या टोकाला शरीर क्षणभर थबकते, तिथे १/३२० चे शटरसुद्धा पुरते. मोबाइलवाल्यांनीही कॉर्नर किकची वाट पाहावी आणि बर्स्ट मारावा, म्हणजे सलग फोटो टिपावेत.

फ्लॅश नकोच. त्याचा उजेड लांब पोहोचत नाही, समोरची धूळ तेवढी चमकते आणि गोलकीपरचे डोळे दिपतात. गोलकीपर लहान मूल आहे, हे आपण विसरू नये.

वीज गेली तर मेटल हॅलाइडचे दिवे थंड झाल्याशिवाय पेटत नाहीत आणि पेटल्यावरही रंग स्थिरावायला काही मिनिटे लागतात. व्हाइट बॅलन्स (दिव्यांच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवणे) त्यानंतरच ठरवावा.

शेवटी शाळांना विनंती. वर्तमानपत्राला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि दिव्यांखाली मुश्किलीने मिळालेला चेहरा वाटेतच पुसट होतो.

– क्रीडा छायाचित्रण करणारे काही वाचक, परभणी