पोरीला शिकारीला नेणाऱ्या काकांस

सप्रेम नमस्कार काका,

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण ऑक्टोबरपासून इथली मराठी मंडळी मला फिरून फिरून एकच विचारतायत: 11 वर्षांच्या मुलीला बंदूक घेऊन रानात पाठवलंसच कसं? मी म्हणते, पाठवलं नाही, काकांबरोबर पाठवलं. तेवढ्याने कुणाचं समाधान होत नाही. तुम्हाला ओळखणाऱ्यांचं होतं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये राहायचं आणि हरणाच्या शिकारीपासून लांब राहायचं हे मुलांना जमत नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा सीझन सुरू होतो, तेव्हा वर्गातली निम्मी मुलं आजोबांच्या केबिनवर निघालेली असतात. लेकीने त्याबद्दल मला नाही, तुम्हाला विचारलं. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. "कोर्स कर. मग बघू." म्हणजे शिकारीतल्या सेफ्टीचा कोर्स. कायद्याने त्याची गरज नव्हती. अनुभवी माणूस हाताच्या अंतरावर बसणार असेल तर कोर्स न केलेल्या मुलालाही इथे शिकारीला नेता येतं. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना स्वतंत्रपणे जायचं तर मात्र हा कोर्स लागतो. तुम्ही म्हणालात, "आडवाट आहे, पण आपण सरळ वाटेनं जाऊ." मग ती उन्हाळ्यात स्वयंसेवक शिक्षकांच्या त्या वर्गात जाऊन बसली, तिच्या दुप्पट उंचीच्या मुलांच्या ओळीत.

माझी भीती तुम्हाला ठाऊक होती. माझ्या मुलीला बंदूक माहीत झाली ती शाळेतल्या लॉकडाउनच्या, म्हणजे कुणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं त्याच्या, सरावामुळे: दिवा बंद, दाराला कुलूप, भिंतीला पाठ लावून गप्प बसायचं. बालवाडीपासून हे करत आलेल्या मुलीच्या हातात तीच वस्तू द्यायची, हे माझ्या गळी उतरत नव्हतं. तुम्ही वाद घातला नाहीत. मला तळघरात नेऊन लोखंडी कपाट दाखवलंत, काडतुसांची पेटी दुसऱ्या खोलीत, तिची किल्ली वेगळी, आणि दोन्ही किल्ल्या कुठे असतात हे काकूंनासुद्धा सांगितलेलं नाही म्हणालात. आणि म्हणालात, "तू भितेस ते बरं आहे. तिलाही थोडं भिऊ दे. न भिणाऱ्याला मी घेऊन जात नाही."

पुढे कितीतरी संध्याकाळी ती तुमच्या गॅरेजमध्ये रिकामी रायफल हातात घेऊन नुसती चालत होती. कुंपण ओलांडायचं तर आधी रायफल खाली ठेवायची, मग आपण. कुणी समोर आलं की नळी कुठे गेली ते तुम्ही बघत होता. बंदूक रिकामी आहे हे स्वतः बघितलं असलं तरी भरलेलीच धरायची. नेम पक्का झाल्याशिवाय बोट घोड्यावर जाणार नाही. नेमाच्या मागे काय आहे ते आधी सांगायचं, तोंडाने, मोठ्याने. कोर्समध्ये हेच नियम इंग्रजीत पाठ करून घेतले होते, पण तिच्या डोक्यात बसलं ते तुमच्या कोल्हापुरी आवाजातलं "नळी जिकडं, मरण तिकडं". परवा ती धाकट्या भावाला त्याच्या पाण्याच्या पिचकारीवरून तसंच रागावत होती.

काका, या सगळ्यात तुम्ही तिला तुमच्या लहानपणाची शेखी एकदाही सांगितली नाहीत, याचंही मला फार वाटतं. तुमच्या पिढीतल्या पुरुषांकडून शिकारीच्या गोष्टी मी खूप ऐकल्यात, आणि त्यात जनावर दर वेळी हातभर वाढतं. तुम्ही तिला दाजीपूरचं सांगितलंत: कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान, जिथे 1958 मध्ये अभयारण्य झालं आणि आता गवे निवांत चरतात. लहानपणी चुलत्यांबरोबर सशामागे गेलात तेही सांगितलंत, पण त्याला लगेच जोडून 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा सांगितलात, आणि तो योग्यच होता म्हणालात. "तिकडं जनावरच उरलं नव्हतं, पोरी." मग तिने विचारलं, मग इकडे कसं चालतं? माझ्याकडे या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तुम्ही दुकानात नेऊन काडतुसांचं खोकं तिच्या हातात दिलंत. 1937 च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवर 11 टक्के कर आहे, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी इथलीही हरणं मारून मारून संपत आली होती. शिकारीवर बंधनं आली, रान राखलं गेलं आणि कळप परत वाढले. आता उलटी अडचण आहे. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतांत त्यांना खाणारं दुसरं जनावर जवळजवळ नाही, मक्याला तोटा नाही, आणि ओकची रोपं वर यायच्या आत खुडली जातात. तिने खोक्याच्या किमतीवर कराचा हिशोब स्वतः केला. कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे.

आता त्या दिवसाबद्दल.

ऑक्टोबरात 15 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दोन दिवस राखून ठेवलेले असतात, मोठ्यांची गर्दी सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मॅडिसन शहराच्या पश्चिमेचा तो डोंगराळ पट्टा, हिमयुगातही बर्फाच्या थरांखाली न आलेला, तुम्ही त्याला पन्हाळ्याचा उतार म्हणता आणि तो दिसतोही तसाच. उजाडायच्या आत आम्ही तिघं तुमच्या शेतकरी मित्राच्या लाकडी मचाणावर होतो, भडक केशरी जाकिटं घालून. हे केशरी हरणाला आपल्यासारखं झगझगीत दिसत नाही, माणसाला लांबून दिसतं, म्हणून कायद्याने ते किंवा भडक गुलाबी सक्तीचं. वारा तुम्ही चिमूटभर पावडर सोडून बघितलात आणि ठरलेलं मचाण बदललंत. मी मागच्या बाकावर होते. मला तुम्ही बोलायची बंदी केली होती आणि मी ती पाळली.

सकाळी एक मादी आली, तिच्या मागे वर्षाचं पिल्लू. लेकीने रायफल टेकवली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तिनेच कुजबुजून सांगितलं, "मागे दुसरं आहे." गोळी आरपार जाते. पिल्लू बाजूला होईना, आणि थोड्या वेळाने दोघंही उतारावरून खाली गेली. तिने रायफलचा सेफ्टीचा खटका परत लावला, तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात, बस्स. मला वाटतं, तुम्ही तिला जे काही शिकवलंत त्याची परीक्षा तिथेच झाली होती.

संध्याकाळी दुसरी मादी आली. एकटी, मक्याच्या कडेला, आडवी उभी. पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. आवाज झाला, हरणाने मागचे पाय झाडले आणि ओकमध्ये घुसलं. लेक शिडीकडे धावायला निघाली, आणि तुम्ही म्हणालात, "बस. अर्धा तास."

तो अर्धा तास मी विसरणार नाही. तुम्ही आधी तिच्याकडून रायफल रिकामी करून घेतलीत. मग का थांबायचं ते सांगितलंत: लागलेलं जनावर पाठलाग नसेल तर जवळच बसतं आणि तिथेच जातं, मागे धावलं तर शेवटच्या दमावर मैलभर पळतं, आणि हाल होऊन मरतं, सापडतही नाही. मग तिला डोळे मिटून आठवायला लावलंत. कुठे उभं होतं? शेपूट वर होती की खाली? कुठल्या झाडाच्या डावीकडून आत गेलं? तिचे हात थरथरत होते, पण उत्तरं एकेक करून नीट येत गेली. घाबरलेल्या मुलीला काम देऊन सावरता येतं हे मी आई असून तुमच्याकडून शिकले.

खाली उतरल्यावर माग तिनेच काढायचा, तुम्ही मागे. आधी केस सापडले. मग मक्याच्या वाळक्या पातीवर रक्त: फिकं, गुलाबी, बारीक फेस असलेलं. "फुफ्फुस," तुम्ही म्हणालात. काळपट असतं, हिरवट घाण असती, तर पोटात लागलेलं, आणि मग तासन्‌तास थांबावं लागलं असतं. प्रत्येक ठिपक्यापाशी तिने केशरी फीत बांधली. एका ठिकाणी माग तुटला. तुम्हाला पुढचा ठिपका दिसला होता, मी तुमची नजर बघितली. तरी तुम्ही गुडघा दुखत असताना तिथेच उभे राहिलात, तिला पानाच्या खालच्या बाजूचा डाग सापडेपर्यंत. काका, हे मला शब्दांत नीट सांगता येत नाही, पण या एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

हरीण पडलेलं होतं. मागून जाऊन, लांब काठीने डोळ्याला स्पर्श करून बघायचं, हेही तिने केलं. आणि मग ती रडली. मोठ्याने. मी पुढे होणार होते, तेवढ्यात तुम्ही टोपी काढून तिच्याशेजारी गवतावर बसलात. "शाब्बास वाघीण" म्हणाला नाहीत. "रडू नकोस" म्हणाला नाहीत. फोटोसाठी फोन काढला नाहीत. तिचं रडू ओसरल्यावर चाकू तिच्यासमोर धरलात आणि विचारलंत, "मी करू, का तू करतेस? आता हे वाया जाता कामा नये." तिने केलं, तुमचा हात तिच्या हातावर. चाकूचं पातं वर, दोन बोटं आत, आतडं फुटू द्यायचं नाही. काळीज हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "गरम आहे." फासळ्या उघड्या राहाव्यात म्हणून मध्ये काटकी तिनेच बसवली. मांस लवकर थंड झालं पाहिजे, नाहीतर बिघडतं.

पुढचं सगळं घरचंच. नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 5 च्या आत करायची, ती तिने फोनवर केली. आपल्या भागात 2002 पासून हरणांत तो मेंदूचा रोग आहे, सीडब्ल्यूडी. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी हरीण खाऊ नये असंच सांगतात. म्हणून घशातल्या गाठींचा नमुना देऊन रिपोर्टची वाट बघितली, आणि तोवर एक तुकडाही शिजू दिला नाहीत. रिपोर्ट चांगला आल्यावर काकूंनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. हरणाच्या मांसात चरबी फार कमी, आणि जी असते ती मेणचट, जिभेला चिकटते, ती सगळी खरवडून टाकायची. मग कांदा-लसूण मसाला, सैल हाताने तेल, आणि बारीक आचेवर दुपारभर. लेकीने सगळ्यांना वाढलं आणि शेवटी आपण घेतलं. ताटात काही टाकायचं नाही हे मला त्या दिवसापासून सांगावं लागत नाही.

आणखी एक आभार माझ्या आईच्या वतीने. ती माळकरी, साताऱ्याकडची. तिला हे कसं सांगायचं, या विचाराने माझी झोप उडाली होती. तुम्ही स्वतः फोन मागून घेतलात. तिने एकच विचारलं: "किती वेळ तडफडलं?" तुम्ही "लगेच गेलं हो" म्हणू शकला असता. तुम्ही म्हणालात, "मिनिटभर असेल, ताई. पळालं ते तेवढंच." आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मला पटत नाही. पण खोटं सांगितलं नाहीत, बरं केलंत." तिला अजूनही पटलेलं नाही, आणि नातीला ती फोनवर तसं सांगते. नात ऐकून घेते. दोघींचं बोलणं मात्र पहिल्यापेक्षा वाढलंय, आणि आजी हल्ली तिला वारीतलं सांगते.

ज्यांनी मला प्रश्न विचारले त्यांच्यापैकी दोघांच्या मुलांना आता तुमच्याकडे यायचंय. मी त्यांना सांगितलंय, आधी कोर्स, आणि काका एका वेळी एकालाच नेतात.

एप्रिलमध्ये मुलांसाठी रानटर्कीचे दोन दिवस असतात, ते लेकीने कॅलेंडरवर आधीच गोल करून ठेवलेत. तुमच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणतात ते कळवा. उतारावर चालणं जमणार नसेल तर ती सपाटीवरच बसायला तयार आहे, असा तिचा निरोप आहे. तिचे बूट लहान झालेत, तेव्हा नवे कुठले घ्यायचे तेही सांगा. आणि शनिवारी काकूंसह जेवायला या. रस्सा मी करतेय, चहा आधी टाकीन.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली लेक